झाकणावरची सही

“नीट दाब,” साहेब म्हणाले. “एक कोपरा जरी उचलला गेला ना, तर सगळं मुसळ केरात.”

धाकटीने शिलाई मशीनच्या लाकडी झाकणावर दोन्ही तळवे टेकवले आणि सगळा भार टाकला. साहेबांनी कागदाच्या बोटभर रुंद पट्टीला मागून डिंक लावला. अर्धी पट्टी झाकणावर आणि अर्धी खालच्या बैठकीवर येईल अशी ती चिकटवली आणि अंगठ्याने वरून खाली घासली. मग खिशातलं पेन काढून त्यांनी सही ठोकली. तीही अशी बेताने की तिची सुरुवात लाकडावर, पोट कागदावर आणि शेपूट पुन्हा लाकडावर. मागे सरकून त्यांनी ती डोळे बारीक करून पाहिली. सही छान साधली होती.

“कुलपाची किल्ली कुणीही करून आणतो,” ते म्हणाले. “सीलचं तसं नाही. उघडलं की उघडलं, लपवता येत नाही.”

धाकटीने मान डोलावली. हे भाषण तिला दर सत्राच्या सुरुवातीला ऐकावं लागे.

घरातल्या शिलाई मशीनला सील ठोकणारा माणूस सहसा कुणाच्या पाहण्यात येत नाही. पण साहेबांची सगळी हयात विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेलेली. प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे, त्यांवर पट्ट्या लावायच्या, सह्या करायच्या, आणि परीक्षेच्या दिवशी त्या शाबूत आहेत हे चारचौघांना दाखवायचं. त्यांच्या हाताखालून एकही पेपर कधी फुटला नव्हता, आणि हा पराक्रम कर्मचारी वसाहतीत सगळ्यांना तोंडपाठ होता, कारण साहेब तो स्वतःच सांगत. वसाहत त्यांना साहेब म्हणे. हळूहळू घरातही तेच नाव पडलं.

मशीन आईचं, माहेराहून आणलेलं. हाताने फिरवायचं, ओतीव लोखंडाचं, लाकडी बैठकीच्या चौकटीत खालून स्क्रूंनी आवळलेलं. पूर्वी आई वसाहतीतल्या बायकांचं शिवून द्यायची. मग एका संध्याकाळी कुलसचिवांचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला आणि दार नेमकं साहेबांनी उघडलं. “बाईसाहेबांचे कपडे शिवून झाले का?” असं त्याने अगदी सरळपणे विचारलं. साहेबांनी त्याला हसून पाणी दिलं, कपडे दिले, दार लावलं आणि ऑफिसची बॅग उघडून डिंकाची बाटली काढली. मशीन विकलं असतं तर लोक म्हणाले असते, गरज पडली. म्हणून ते बाहेरच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवायचं, पण उघडायचं नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे साहेबांनी ठरवलं. आईने त्यावर ब्र काढला नाही.

आणि का काढला नाही, तर त्याच पेनाने आणखी एक सही होत असे. विद्यापीठात कर्मचाऱ्यांच्या मुलांना फी नव्हती. बाकीच्यांना होती, आणि ती ऐकून घाम फुटावा अशी होती. फक्त दर सत्राला अर्जावर कर्मचाऱ्याची सही लागायची, ‘मुलगी माझ्याजवळ राहते, माझ्यावर अवलंबून आहे’ अशी. पट्टी बदलायच्या दिवशीच साहेब तो अर्ज समोर घेत आणि पेन हातात धरून बसून राहत. मग आईने स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायचं असे, “अहो, धाकटीचं तेवढं करता ना?” तसं म्हटल्याशिवाय पेन हलत नसे. एकदा थोरली जेवताना उलट बोलली होती, एवढंच म्हणाली होती की आमटी आम्हालाही गरम मिळाली तर बरं होईल. त्या सत्राला साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि उठून गेले. पुढच्या सत्रालाही तेच. मग तिला स्थळ आलं. आता तिचा फोन येतो तेव्हा ती सगळ्यांची चौकशी करते, कॉलेजची मात्र चुकूनही करत नाही.

आजही आई दारात आली. म्हणायचं ते म्हणाली. सही झाली.

धाकटीने गुडघे वाकवून मशीन उचललं आणि ‘अं’ करत खाली जमिनीवर ठेवलं. ती आर्किटेक्चरला होती. ड्रॉइंगचा कागद पसरायला घरात तेवढं एकच टेबल होतं, त्यामुळे रोज संध्याकाळी मशीन खाली आणि झोपताना पुन्हा वर, हा व्यायाम तिच्या नशिबी आला होता. खांद्यातून कळ निघावी एवढं त्याचं वजन होतं.

“जपून,” साहेब म्हणाले. “पट्टीला धक्का लागेल.”

*

मावशीचा फोन धाकटीने ऐकला तो अगदी योगायोगाने. दुसऱ्या गावी मावशीचं शिवणाचं दुकान होतं, वर एक खोली होती. आई गॅलरीत पाठमोरी उभी राहून बोलत होती.

“हो गं. खोली रिकामी आहे, कळलं मला. मी काय नाही म्हणतेय का?” मग बराच वेळ ऐकणं. “अगं, मी तिकडे आले की हे सही थांबवतील. थोरलीचं पाहिलंस ना. धाकटीचं शिक्षण होऊ दे. तिची शेवटची सही झाली की मी क्षणभर थांबायची नाही.”

धाकटी दाराआड उभी होती. आईला निघून जायचंय हे तिला आत्ता कळलं, आणि आई अडकून पडलीय ती आपल्यापायी, हेही त्याच वाक्यात कळलं. ती मागच्या मागे सरकली आणि पलंगावर जाऊन बसली. तिला रडू आलं नाही. उलट स्वतःची चीड आली. इतकी वर्षं ती मैत्रिणींना मिरवत सांगत होती की माझं सगळं फुकट आहे म्हणून.

त्यानंतर विद्यापीठात फीवाढ जाहीर झाली आणि पायऱ्यांवर धरणं सुरू झालं. वाढ मागे घ्या, अशी मागणी सुरू झाली आणि बघता बघता ती ‘फीच नको, शिक्षण सगळ्यांना मोफत’ इथवर गेली. तिसऱ्याच दिवशी धाकटी तिथे जाऊन बसली. घोषणा देणारी एक धिप्पाड मुलगी होती, तिला सगळे तोफ म्हणत. तोफेचे वडील ट्रक चालवत.

“तू इथे कशी?” तोफेने विचारलं. “तुझा तर पास कायमचा काढलेला आहे. घरी जा, उगीच काळी पडशील.”

“बसू दे गं.”

“बस की. पण नंतर पाय काढलास तर बघ.”

धाकटीने पाय काढला नाही. ऊन चढलं, पाठीला पायऱ्यांची धार लागली, घोषणा देऊन आवाज बसला, तरी ती बसली. आर्किटेक्चरला नुकतेच लागलेले एक नवे सर रोज येऊन त्यांच्याशी वाद घालत. फी नाही तर प्रयोगशाळा कशावर चालवायच्या, आमचे पगार कुठून यायचे, असं ते कळकळीने विचारत. ते काही अगदीच चुकीचं बोलत नसत, आणि तोफ त्यांना जमेल तशी उत्तरं देई. धाकटी त्या वादात पडत नसे. तिची गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

साहेबांना अर्थातच कळलं. परीक्षा विभागाच्या खिडकीतून पायऱ्या स्वच्छ दिसायच्या.

“फुकट मिळालं की माणसाला किंमत राहत नाही,” त्या संध्याकाळी जेवताना ते आमटीकडे बघत म्हणाले. “मी तीस वर्षं घासली तेव्हा या घराला ती सवलत मिळाली. उद्या ती रस्त्यावरच्या प्रत्येकाला वाटायची? आणि मागणी कुणी करायची, तर माझ्याच मुलीने? लोक माझ्या तोंडाकडे बघून हसतात.” त्यांनी वाटी सरकवली. “पुढच्या सत्राचा अर्ज येईलच समोर. तेव्हा बघू.”

आईचा हात हवेतच थांबला. नंतर, भांडी विसळताना, ती धाकटीवर घसरली.

“नसती उठाठेव कुणी सांगितली तुला? तुझं सुरळीत चाललंय ना? मग कशाला त्या पायऱ्या झिजवतेस?”

“सगळ्यांना फी माफ झाली तर?”

“कुणी करतंय माफ! आणि नाही झाली तर तुझं काय? थोरलीसारखी बसशील घरी. मी आणखी किती जणींच्या वेळी दारात उभी राहू?”

धाकटीला सांगावंसं वाटलं की तुला दारात उभं राहावं लागू नये म्हणूनच हे चाललंय. पण मग फोन ऐकल्याचं कबूल करावं लागलं असतं. तिने फडकं घेऊन ताटं पुसायला सुरुवात केली. आता माघार नव्हती. धरणं फसलं तर तिचं वर्ष गेलं असतं आणि आईची सुटका कायमचीच बारगळली असती.

मग एका दुपारी ती घसा धरून, गरम पाण्याच्या गुळण्या करायला म्हणून घरी आली. आईने दार उघडायला वेळ लावला. शेगडीवर किटली उकळत होती, पण तिच्यात नुसतंच पाणी होतं, आणि खोलीत मशीनच्या तेलाचा वास होता. मशीन मात्र टेबलावर जागच्या जागी होतं, पट्टीसकट. आईच्या बाहीला निळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटला होता. धाकटीने जाता जाता पट्टीवर बोट टेकवलं. ती ओलसर लागली.

दोन-चार दिवसांनी खालच्या मजल्यावरची चिमुरडी जिन्यात उड्या मारताना दिसली, अंगात नवा निळा फ्रॉक. धाकटीने वाकून फ्रॉकची कड उलटून पाहिली. दोनदा दुमडलेली, टोकाला हाताने घातलेला बारीक टाका. असा टाका या वसाहतीत एकच बाई घालत असे. म्हणजे दुपारी किटलीची वाफ देऊन पट्टी सोडवायची, शिवायचं, आणि साहेब यायच्या आत ती पुन्हा चिकटवायची, तीही सहीच्या रेघेला रेघ जुळवून. हे किती वर्षं चाललं असेल कोण जाणे. आणि बाबा दर सत्राला म्हणत होते, लपवता येत नाही. धाकटीला जिन्यातच हसू फुटलं. चिमुरडी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. वर घराच्या दाराशी पोचेपर्यंत मात्र ते हसू विरलं, कारण एवढी करामत करूनही आई रोज संध्याकाळी सगळं आवरून, पट्टी लावून, दारात चहा घेऊन उभी असायची.

*

आणि एक दिवस खरोखरच फी माफ झाली. सरकारने वरून जाहीर केलं, पुढच्या सत्रापासून विद्यापीठात कुणालाही शिक्षणाची फी नाही. पायऱ्यांवर नुसता कल्लोळ झाला. तोफेने धाकटीला उचलून गरागरा फिरवलं. धाकटी धावतच घरी आली, वाटेत तिने मावशीला फोन केला. मावशी म्हणाली, “टेबल खिडकीशी सरकवून ठेवते. तिला म्हणावं, मशीन घेऊन ये, इथलं माझं फार कुरकुरतं.”

आई भाजी चिरत होती.

“आई, आता सही नको.”

“ऐकलं मी. खाली सगळ्या तेच बोलत होत्या.”

“मग?”

“मग काय?”

“मावशीकडे कधी जातेस?”

सुरी थांबली. धाकटीला हे कुठून कळलं, ते आईने विचारलं नाही. पुन्हा चिरायला लागली.

“तुझी परीक्षा तोंडावर आलीय.”

“माझ्या परीक्षेचा काय संबंध? आणि मला वसतिगृहात खोली मिळतेय, तोफेच्या शेजारी.”

“थोरलीला दिवस गेलेत, तिचं बघायला हवं. यांना पथ्याचं लागतं. आणि वर्षाच्या मध्येच असं कुणी उठून जातं का?”

कारणं भराभर येत होती. धाकटी ऐकत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

“मी एवढे दिवस उन्हात बसले, ते कुणासाठी?”

“मला विचारून बसलीस?” आई म्हणाली.

हे तिला लागलं. ती वळली, तेवढ्यात आईने ओल्या हाताने तिचं मनगट धरलं.

“भीती वाटते गं,” आई म्हणाली. “बाकी काही नाही. आजवर ‘पोरीचं होऊ दे’ म्हणत ढकललं. आता तेवढंही म्हणायला उरलं नाही, तर पायच उचलेना झालाय.”

धाकटीने मनगट सोडवून घेतलं. त्यानंतर कितीतरी दिवस ती आईशी कामापुरतं बोलत होती. तिने वसतिगृहाची खोलीही घेतली नाही. आईला एकटीला या घरात टाकून जायचं तिच्या जिवावर आलं, आणि आपणही आता इथेच अडकलो, हे तिला रोज मशीन उचलताना नव्याने कळायचं.

नवं सत्र सुरू झालं. अर्ज नव्हता, सही नव्हती. साहेब त्या संध्याकाळी बराच वेळ पेन हातात फिरवत बसले. आईला दारात यायचं काही कारण उरलं नव्हतं. मग ते उठले आणि त्यांनी डिंकाची बाटली काढली.

“सरकार काय वाटेल ते फुकट वाटू दे,” ते म्हणाले. “या घरातली शिस्त काही सरकार ठरवत नाही. धाकटे, ये, दाबून धर.”

“मला अभ्यास आहे.”

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. ते पुढे काही बोलणार, तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली.

“मी धरते,” ती म्हणाली.

आणि तिने झाकणावर दोन्ही हात ठेवून ते घट्ट दाबून धरलं. साहेबांनी पट्टी लावली, घासली, सही केली. या वेळी सही नेहमीपेक्षा मोठी होती. आई खाली वाकून ती नीट निरखत होती, एखाद्या कापडाची वीण पाहावी तशी. धाकटीला ते बघवेना. ती उठून गॅलरीत गेली. तिथे तिला पहिल्यांदाच वाटलं की धरणं फसलं असतं तर बरं झालं असतं. निदान आईला दोष द्यायची वेळ आली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पायांत चप्पल सरकवत असताना आईने हाक मारली.

“तुझ्या त्या मॉडेलच्या डब्यातला स्क्रू ड्रायव्हर देऊन जा. कुकरचा दांडा ढिला झालाय.”

“डबा टेबलाखाली आहे. घे,” धाकटी म्हणाली आणि वळूनही न पाहता जिना उतरली.

संध्याकाळी ती आणि साहेब फाटकाशी एकदमच पोचले. दाराला कुलूप होतं. साहेबांनी किल्ली फिरवली आणि आत शिरताच, नेहमीच्या सवयीने, आधी टेबलाकडे पाहिलं. मग ते खुर्चीत बसून बुटाची नाडी सोडायला लागले.

“कुठे गेली ही?”

“खाली असेल कुणाकडे तरी.”

धाकटी स्वयंपाकघरात गेली. शेगडी पुसलेली होती. साहेबांचं पथ्याचं जेवण झाकून ठेवलं होतं, तिचंही होतं. दोनच ताटं काढून ठेवलेली. कुकर फळीवर होता. तिने उगाचच त्याचा दांडा हलवून पाहिला. तो घट्ट होता, आणि त्याच्या स्क्रूवरचा जुना काळा थर जसाच्या तसा होता. त्याला कुणी हात लावलेला नव्हता.

ती बाहेर आली. उद्या एक ड्रॉइंग द्यायचं होतं. तिने टेबलाखालून डबा ओढला. स्क्रू ड्रायव्हर आपल्या जागी परत ठेवलेला होता. त्याची मूठ तिच्या बोटांना तेलकट लागली. तिने बोटं नाकाशी नेली आणि क्षणभर तशीच बसून राहिली.

“काय गं?” साहेबांनी वर्तमानपत्र उघडत विचारलं.

“काही नाही.”

ती उठली. टेबलासमोर पाय रोवले, गुडघे वाकवले, मशीनच्या बैठकीखाली दोन्ही हात घातले आणि रोजच्यासारखा जोर लावला. झाकण बैठकीसकट असं वर आलं की ती मागच्या मागे पडायचीच राहिली. आत काही नव्हतं. रिकामं लाकूड तिच्या हातात होतं, आणि त्यावर पट्टी कालच्या जागीच होती, घट्ट चिकटलेली.

साहेब वर्तमानपत्रावरून बघत होते.

धाकटीने श्वास आत ओढला. खांदे पाडले. मग ते खोकं पोटाशी धरून ती हळूहळू वाकली आणि शेवटी ‘अं’ करून तिने ते जमिनीवर टेकवलं.

“जपून,” साहेब म्हणाले. “शाबूत आहे ना?”

ती गुडघ्यांवर बसली आणि तिने पट्टी जवळून पाहिली. सहीची सुरुवात लाकडावर होती, पोट कागदावर, शेपूट पुन्हा लाकडावर. मधे केसाएवढीही फट नव्हती.

“शाबूत आहे, बाबा.”

“आई आली की चहा टाकायला सांग.”

“सांगते,” धाकटी म्हणाली आणि मोकळ्या टेबलावर तिने कागद पसरला.